मित्राच्या कपाळावरचं गंध

हे मी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आता सांगून टाकतो.

मी चित्रकलेचा शिक्षक. रेणापूरला नोकरीला होतो तेव्हा माझा शाळासोबती नगरपंचायतीला उभा राहिला. माणूस कामाचा. नाली तुंबली की पँट गुडघ्यापर्यंत दुमडून स्वतः उतरणारा. पण देवळात पाय नाही. देवाला नावं ठेवत नसे, हातही जोडत नसे. समोरचा उमेदवार दरवर्षी सप्ताहाची पंगत घालणारा. वॉर्डात कुजबुज सुरू झाली, "जो देवाला भीत न्हाई, तो आपल्याला काय भिणार?"

प्रचाराचा फ्लेक्स मी घरी कॉम्प्युटरवर करत होतो. मित्राचा फोटो झकास आला होता, कपाळ तेवढं मोकळं. मला वाटलं, हा पडतो आता. भुवयांच्या मधोमध अष्टगंधाचा टिळा काढला, उजेड-सावली सांभाळून. माझाच हात, काम चोख. फाइल लातूरला छापायला पाठवून दिली.

चौकात फ्लेक्स लागला तसा मित्र तणतणत आला.

"मास्तर, हे कुणी केलं? मनात न्हाई ते कपाळावर लावून मतं मागू का मी?"

मी टपरीवरचा चहा हातात घेतला. म्हणालो, "लातूरच्या दुकानदारानं केलं असंल."

त्यानं तिथूनच फोन लावून दुकानदाराला नको नको ते ऐकवलं आणि त्याला काम द्यायचं कायमचं बंद केलं. मी शेजारी उभा राहून चहा पीत होतो.

दुसरा फ्लेक्स छापायला वेळ नव्हता. प्रचारात पहिल्याच दारात एक आजी म्हणाली, "फोटोत गंध अन् तोंडावर न्हाई. कुठं तरी खोटा हायस लेकरा." झालं! दुसऱ्या दिवसापासून तो खरंच गंध लावून फिरू लागला. थोडक्या मतांनी निवडून आला आणि मग ते पुसायची सोयच राहिली नाही. आंघोळ झाली की आरशापुढं उभा, तोंड कडू करून. कधी तरी म्हणायचा, "मी कामावर आलो का कपाळावर, ते काय मला कळायचं न्हाई." मी विषय बदलायचो.

मधे संस्थेनं माझी बदली नांदेडच्या शाळेत केली. यंदा तो पुन्हा उभा राहायचं म्हणून नवा फ्लेक्स करून घ्यायला घरी आला. बायको कौतुकानं म्हणाली, "भावजी, गंध किती शोभतं तुम्हाला." तो कसनुसा हसला. त्या हसण्यानं मी मोडलो. सगळं सांगितलं.

त्यानं मुरमुऱ्यांच्या सुशीलाची बशी खाली ठेवली. "म्हणजे त्या दुकानदाराला मी फुकट बोललो?" मग उठून चपला घालू लागला. म्हणाला, "ऊठ. आधी लातूर, मग रेणापूर. दारोदार तूच सांगायचं."

दुकानदारापुढं मी हात जोडले. तो हसून हसून खुर्चीतून घसरायला आला. "अहो, मी तेव्हा बायकोला सांगितलं, आपल्या मशीनमध्ये देव आलाय, गंध आपोआप छापतंय!"

रेणापुरात त्या आजीनं ऐकून घेतलं. "मी गंध बघूनच मत दिलं बाबा. मग नळ आला, तवा गंध इसरले." पुढच्या गल्लीत एक बौद्ध गृहस्थ राहतात, तहसीलमधून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "गुरुजी, त्या गंधापायी आमच्या घरातली सगळी मतं गेली तुमची. म्हटलं, हाही तसलाच. आम्हीही कपाळच बघितलं की."

मित्रानं माझ्याकडं असं बघितलं की मी चपलांकडं बघू लागलो. लोकांचं सोडा. त्याचं काम सगळ्यांत जवळून पाहिलेला मी, आणि त्याच्या कपाळात उणं सगळ्यांच्या आधी मला दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो मोकळ्या कपाळानं बाहेर पडला. हॉटेलात शिरताच मालकानं पळी खाली ठेवली. "दादा, कोण गेलं घरातलं?" बाकड्यावरच्यानं आवाज खाली आणून विचारलं, "सुतक कितव्या दिवसाचं?"

"ह्याला विचारा," मित्र माझ्याकडं बोट करून म्हणाला.

मी पहिल्यापासून सांगायला लागलो. निवडणुकीला अजून अवकाश आहे, त्यामुळे माणसं निवांत ऐकत होती, मधेमधे टाळ्या देत होती. दुपारपर्यंत सात जणांना सांगून झालं. आठव्याला सांगताना मित्रच म्हणाला, "मास्तर, जरा आटप. लोकांना कामं हायत."