उजवा दंड लवतो

दुपारी जेवून हे आरामखुर्चीत पडलेत आणि मी त्यांच्या उजव्या दंडाकडे बघत बसले आहे. कातडीखाली सारखं काहीतरी लवतंय, संथ पाण्याखालून मासा सळसळत जावा तसं.

पहिल्यांदा हे दिसलं तेव्हा सासूबाई हरखल्या होत्या. "पुरुषाचा उजवा लवला की शुभ गं, डावा लवू नये," म्हणत त्यांनी लेकाच्या तोंडात साखर घातली. पुढे त्याच हातातून चहाचा कप निसटायला लागला, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टर गाठले. मोटर न्यूरॉनचा आजार, ते म्हणाले. स्नायूंना हलवणाऱ्या चेतापेशी मरताहेत. शरीराच्या रक्षक पेशी सुरुवातीला त्यांना जपतात, आणि मग त्याच त्यांच्यावर उलटतात.

ताप नाही, कण्हणं नाही. राखणदार आतल्या आत उलटले आणि घरात आम्ही साखर वाटत होतो.

सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही. आत्ता त्या बाहेर आल्या, लेकाच्या अंगावरून मायेनं हात फिरवू लागल्या. डाव्या दंडावर तो हात थबकला.

"डावाही गं?" त्यांनी विचारलं.

मी ह्यांची शाल खांद्यापर्यंत ओढली.