लॅपटॉप पाहुणा जाईना

माझ्या बाबांना त्यांची आई आठवत नाही. ती गेली तेव्हा ते रांगत होते, आणि तिचा एकही फोटो नाही. तिचा चेहरा आता फक्त आत्याला, म्हणजे बाबांच्या मोठ्या बहिणीला ठाऊक. तरुणपणी बाबांनी गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, दंडारीच्या नाच-नाटकात लुगडं नेसून बाईचं सोंग केलं होतं. म्हातारी माणसं तेव्हा म्हणाली होती, पोरगा हुबेहूब मायसारखा दिसून राहिला. पण आत्या त्या वर्षी एकोडीला, सासरी, धान कापत होती. तिनं ते सोंग पाहिलं नाही, आणि ती सांगत नाही तोवर बाबांचा कोणावर विश्वास बसेना.

त्या दंडारीची व्हिडिओ कॅसेट मी कधीकाळी जुन्या कॉम्प्युटरमध्ये उतरवली आणि साफ विसरून गेले. मागच्या दिवाळीच्या सफाईत तो डबा चालू केला तर सापडली! तेवढ्यात आत्या भाऊबीजेला भंडाऱ्याला आली. आत्याला बाबा 'बाई' म्हणतात. ते मागंच लागले. "आत्ताच दाखव बाईले. सांजच्या बसनं जाऊन राहिली ते."

दाखवायचं कसं? डब्याच्या पडद्याचा वरचा अर्धा भाग काळा. बाबांचे घुंगरू बांधलेले पाय मस्त दिसत, तोंडाचा पत्ता नाही. पेन ड्राइव्हची भोकं उंदरांनी कामातून घालवलेली. राहिली नेटची वायर. म्हटलं, डबा आणि माझा नवा लॅपटॉप एकाच राउटरला जोडते, फाइल इकडे घेते आणि टीव्हीवर लावते. मी स्वतःला फार हुशार समजते.

लॅपटॉपला डबा दिसला. फोल्डरही दिसलं. उघडायला गेले तर बिनपासवर्डचं, 'गेस्ट' म्हणून जायला नाही म्हणाला. दहादा केलं, दहादा नाही. माझं डोकं असं तापलं की राउटर अंगणात फेकावा.

"काय म्हणते तो?" आत्यानं सुपारी कातरत विचारलं.

"त्या डब्याले पासवर्ड नाही आत्या. कोणीही या म्हणते तो. अन हा लॅपटॉप म्हणते, मी कोणाकडे पाहुणा म्हणून जात नाही."

"काहून? मानपान पाह्यजे का त्याले?"

"त्याले वाटते, बिनवळखीच्या घरी धोका असते."

आत्या खुदकन हसली. "मग पाहुणा कायले धाडतं त्याले? घरचा म्हणून धाड ना. नाव सांगून जाऊ दे."

मी डब्याकडे वळले. डब्यावर नवं खातं उघडायचं, नाव द्यायचं, पासवर्ड द्यायचा, बस! काळ्या भागात अडकलेल्या खिडक्या खाली ओढत ओढत मी खातं केलं. नाव दिलं 'घरचा', इंग्रजी अक्षरांत. लॅपटॉपनं नाव विचारलं, मी टाकलं, आणि गडी निमूट आत गेला. मी आत्याचा गालगुच्चाच घेतला. "सोड वो, दात हालते माहा," ती म्हणाली.

टीव्हीवर ढोलकी सुरू झाली. हिरवं लुगडं, नाकात नथ, डोक्यावर पदर, आणि बाबा असे मुरडत आले की माझी हसून हसून पुरेवाट झाली. बाबा लाजून दाराआड गेले होते. आत्या मात्र हसली नाही. अडकित्ता मांडीवर ठेवून पाहत राहिली.

शेवटी बाबांनीच दाराआडून विचारलं, "बाई, खरंच माय अशी होती का वो?"

"नाचत नव्हती," आत्या म्हणाली. डोळे पुसले. "बाकी अशीच. नाक तेच, हनुवटी तेच. हासणं तर तेच रे बाबू."

बाबा बाहेर आले. खुर्ची ओढून अगदी टीव्हीपुढं बसले.

"पुन्हा लाव," मला म्हणाले. "मले माय पाहू दे."