दहिवलीतला समुद्रघोडा
खडेमिठाचा डबा उघडला की दहिवलीतली ती दुपार आठवते. दादाने मुंबईहून समुद्राच्या पाण्याच्या कॅनमधून समुद्रघोडा आणला होता. घोड्याच्या तोंडाचा, बोटाएवढा मासा. काचेच्या पेटीत पाणी कमी पडलं, म्हणून वहिनीने विहिरीच्या पाण्यात मीठ कालवलं आणि आमटीसारखं चाखून ओतलं. मासा तळाशी कलंडला. दादाचा पाय एका जागी ठरेना. "अवं, गोड्या पाण्यातलं मासं पाळा की," वहिनी रडवेली होऊन म्हणाली. "ते समद्यांकडं हायेत गं!" दादा ओरडला. मासा मेला, तसा त्याने कॅन विसळला आणि पुन्हा स्टेशनची वाट धरली. आता समुद्रघोडा पकडायला बंदी आहे. परवा पेपरात ते वाचलं आणि माझ्या मनात पहिलं हेच आलं, मग आता मिळेल कुठे?