पहिली निवड आमची

बातमी पक्की आहे. आमच्या बेसबॉल संघाला यंदा नवा कॅचर मिळतोय. परवा रविवारी सकाळी कोच गौस सरांनी मैदानावरच दुजोरा दिला आणि नाव वहीत लिहून घ्यायला मला सांगितलं.

जुना कॅचर म्हणजे माझा धाकटा भाऊ अनिल. वय सत्तेचाळीस, बँकेत नोकरी, संघात सात वर्षं तीच जागा. हा खेळ ठाऊक नसलेल्यांनी क्रिकेटमधला विकेटकीपर समजावा... फक्त सतत उकिडवा बसलेला, आणि तोंडावर जाळी.

मी या संघाची स्कोअरर. वर्तमानपत्रात आयुष्य गेलं, त्यामुळे "ताई, तुला लिहायची सवय आहेच" एवढ्या पात्रतेवर अनिलनं मला बसवलं. दर रविवारी बरकतपुऱ्याहून आम्ही दोघं स्कूटरवर निघतो. वाटेतलं नल्लकुंटा अजून अर्धवट झोपेत असतं, आणि विद्यानगरच्या मैदानावर या दिवसांत इतकं धुकं असतं की बॉल दिसायच्या आधी त्याचा आवाज येतो. ठप्प... मग कुणीतरी हसतं, कुठून ते कळत नाही.

मागचा मोसम आमच्यासाठी फार वाईट गेला. चांगले चार खेळाडू गेले... दोघं बंगळुरूला नोकरीसाठी, एक परदेशी शिकायला, एक लग्न होऊन विजयवाड्याला. मुलं-मुली एकत्र खेळतात तरी नऊ जण जमवताना सरांची दमछाक व्हायची. आम्ही सगळे सामने हरलो.

पण या खेळात एक गोड नियम आहे. नवे खेळाडू निवडताना शेवटच्या नंबरावर आलेल्या संघाला पहिली संधी. मैदानावरच्या तिन्ही क्लबांनी तो पाळायचं ठरवलंय. आयुष्यात कुठेही न मिळणारा हा मान हरल्यामुळे मिळतो, याचं मला अजून नवल वाटतं.

रविवारी चाचणीला पंचवीसेक जण आले. एवढे कधीच येत नाहीत. फिरायला येणारी मंडळीही थांबून बघत होती... एक आजोबा दर आठवड्याला विचारतात, "कितने ओवर हुए अम्मा?" ओव्हर नसतात म्हटलं की निराश होतात, पण पुढच्या रविवारी येतात.

नव्यांची एक चूक ठरलेली. बॉल मारला की बॅट हातात घेऊनच पळायचं... क्रिकेटची सवय. सर ओरडतात, "बल्ला फेंक के भागो रे! घर लेके जारे क्या उसकू?"

त्या घोळक्यात चरण नावाचा एक उंच मुलगा होता. त्याचा बॉल धुक्यातून शिट्टीसारखा यायचा. अनिलचा तळवा लाल झाला. पहिली निवड तोच, असं सगळ्यांनी धरलं होतं.

मग सरांनी प्रत्येकाला अनिलच्या जागी बसवून बघितलं. दहा बॉल झाले की एकेक जण गुडघे धरून उठत होता. शेवटी सिरीशा बसली... एम.कॉम. करणारी, शाळेपासून खो-खो खेळलेली मुलगी. चाळीस बॉल बसली, आणि प्रत्येक वेळी पाठीवर खो मिळाल्यासारखी उसळून उठली. अनिल जाळी हातात घेऊन नुसता बघत राहिला.

दरवर्षी सर शेवटी अनिललाच विचारतात, कारण प्रत्येकाचा बॉल त्याच्या हातात आलेला असतो. "बोलो मियाँ, किसकू लेना?"

"सिरीशा कू लो सर."

यादीत पंधराच नावं बसतात, दोन कॅचर ते ठेवत नाहीत, आणि अनिलचे गुडघे दुसऱ्या कुठल्याच जागी पळू शकत नाहीत. हे अनिलला माहीत होतं. मलाही.

"सोच के बोलो. पिछले साल तुम इत्ते बुरे नहीं थे. बुक में है ना सब."

कॅचरच्या मागे बॉल गेला की चूक पिचरची, म्हणजे बॉल टाकणाऱ्याची, की कॅचरची, हे स्कोअररला ठरवावं लागतं. जिथे जिथे शंका आली तिथे मी पिचरच्या नावावर लिहिलं होतं. खरं सांगायचं तर... शंका नव्हती तिथेही.

अनिल हसला. "ताई की बुक पे नक्को जाओ सर. बहन है मेरी."

मी वहीत डोकं घातलं. वर्षभर मला वाटत होतं की त्याला कळलेलं नाही.

मग तो सरांना समजावत राहिला. चरण कितीही जोरात टाकू दे, मागे अडवणारं कुणी नसेल तर उपयोग काय... पुढे मी फारसं ऐकलं नाही. धुकं विरत होतं. पलीकडे सिरीशा कुणाला तरी फोनवर भरभर तेलुगूत काही सांगत होती, अजून तिला काहीच ठाऊक नव्हतं. सर उठले आणि तिच्याकडे चालू लागले.

मी यादीत तिचं नाव लिहिलं आणि अनिलचं खोडलं. त्यानंच पेन पुढे केलं होतं.

चरण दुसऱ्या क्लबनं लगेच उचलला. येत्या रविवारी पहिला सामना त्यांच्याशीच आहे. सरांच्या मते आपण हरणार, पण मागच्या वेळेपेक्षा कमी फरकानं. या आठवड्यात रोज संध्याकाळी अनिल सिरीशाला पिचरला कुठला बॉल टाक ते सांगायच्या बोटांच्या खुणा शिकवतोय.

स्कोअररचं बाक कॅचरच्या मागे असतं, त्यामुळे सात वर्षं मी भावाची फक्त पाठ बघत आले. रविवारी तो माझ्या शेजारी बसून सामना बघणार आहे. मी चुकीचं लिहिलं तर टोकेल, असं आत्ताच सांगून ठेवलंय.