नागलीच्या तीन गोळ्यांचा मिस्त्री

पोशेऱ्यापासून दाभोशापर्यंत कुणालाही विचारा, संडास बसवायचा तर मिस्त्री कोण? उमेशचंच नाव सांगतील. तो उमेश माझा धाकटा भाऊ. मी देवजी, त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा, सातवीपर्यंत शिकलेला. लहानपणी त्याला नदीवर नेऊन धुवायला मीच शिकवलं. म्हणजे त्याच्या धंद्याचा पाया मी घातला, असं मी सगळीकडे सांगतो, आणि तो नाही म्हणत नाही.

ठाण्याला गेला तेव्हा तो बिगारी होता. बावीस मजल्यांची बिल्डिंग, लिफ्ट अजून बसली नव्हती, आणि हा कमोड खांद्यावर घेऊन जिना चढायचा. वर मिस्त्री काय करतो ते बघत बसायचा. कुणी शिकवलं नाही, बघून बघून शिकला. पाईपाला उतार किती द्यायचा, ट्रॅप कुठं बसवायचा, भांड्याखाली सिमेंट किती घालायचं, सगळं. सहा वर्षांत हिंदीपण शिकला. राग आला की अजून हिंदीतच बोलतो.

परत का आला, तेही सांगतो. मागच्या शिमग्याला घरी आला, तर त्याची पोरगी योगिता, तीन वर्षांची, त्याला बघून आपल्या आईच्या, चंद्रकलेच्या, लुगड्यामागं लपली आणि म्हणाली, "पाव्हणा आला." आम्ही सगळे हसलो. उमेश हसला नाही. जेवला पण नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं पिशवीतून थापी काढली, धुतली, आणि म्हणाला की आता इथंच काय ते काम बघीन.

इथं काम भरपूर होतं, कारण आमच्या गावात सरकारी संडास होते, पण त्यांच्यात कोंबड्या राहायच्या. ज्यानं बांधले त्यानं उतारच दिला नव्हता. पाणी ओतलं की ते तुमच्याकडेच बघत बसायचं. मग माणसं आपली टमरेल घेऊन रानात जायची, आणि कोंबड्यांना पक्कं घर मिळालं. उमेशनं एकेक संडास फोडून नीट केला. कोंबड्या अजून त्याच्यावर डूख धरून आहेत.

आता त्याची खरी कारागिरी ऐका. ठाण्याचे इंजिनिअर एकदा फ्लश दाबायचे, पाणी गेलं की पास. उमेश म्हणतो, पाण्यानं पाणी जाणारच, त्यात बघायचं काय? तो नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ घट्ट मळतो आणि तीन गोळे करतो. पहिला लिंबाएवढा. दुसरा आंब्याएवढा. तिसरा केवढा ते मी लिहीत नाही. तिन्ही एकदम टाकायचे, एकदाच फ्लश दाबायचा, आणि तिन्ही एकदम गेले पाहिजेत. एक जरी राहिला तरी हा भांडं उपटतो आणि पुन्हा बसवतो. मालकानं हात जोडले तरी ऐकत नाही. आमची आई धोंडीबाई पहिल्यांदा लय चिडली. माणसं ज्याची भाकर खातात ते तू कुठं टाकतोस म्हणून तिनं त्याला लाटण्यानं मारायचंच बाकी ठेवलं. तेव्हापासून ती त्याला किडकं पीठ वेगळं काढून देते. डब्यावर खडूनं फुली मारलेली असते, म्हणजे चुकून भाकरीत जायला नको.

तर ह्या उमेशला दाभोशाला काम मिळालं. तिथं नदीजवळ एका संस्थेचं पाहुण्यांचं घर आहे, रविना मॅडम ते चालवतात. बाजूला मुलींचं हॉस्टेल बांधायचं चाललं होतं. त्यांचं सगळं काम नाशिकचा एक कंत्राटदार करायचा. मॅडमनं उमेशला पाहुण्यांच्या घरातले दोन कमोड बसवायला दिले आणि सांगितलं, आवणीच्या टायमाला हॉलंडचे सहा पाहुणे येणार आहेत, भाताची लावणी शिकायला. त्यांची तक्रार आली नाही तर हॉस्टेलचे अकरा संडास तुझे. आली तर नाशिकवाला. नाशिकवाला आला की उमेश पुन्हा ठाण्याला, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. योगिता आता कुठं त्याच्या पाठीवर बसायला लागली होती.

दोन्ही कमोडात तिन्ही गोळे गेले. उमेशनं बाजूला चकचकीत जेट लावले, दाबलं की पिचकारी. मी आईला मुद्दाम जीपनं दाखवायला नेलं. ती कमोडवर बसली, उठली, पुन्हा बसली आणि म्हणाली, "हे तर खुर्चीवर बसल्यावानी. पोटाला कळणार कसं?"

पाहुणे आले. माणसं चांगली, उंच, सारखी हसणारी. पण त्यांच्या पिशवीत कागदाचे रोळ होते. आपण पाण्याची माणसं, ते कागदाची माणसं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण सहा माणसं पिचकारी समोर असून कोरडी उठतील, हे काही मनाला पटेना. जेट कशासाठी ते त्यांच्यातल्या एकालाही कळलं नाही. एक ताडमाड पोरगा जेटनं बुटाचा चिखल धुवायचा. एका पोरीनं पालीवर पाणी मारलं आणि मॅडमला सांगितलं की ही सोय फार छान केलीय. उमेश बाहेर उभा राहून ऐकत होता. त्याचं तोंड बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी रोळ संपले. संपले म्हणजे पावसाच्या दमट हवेनं फुगून त्यांची लापशी झाली. मॅडम म्हणाल्या, कुठूनतरी कागद आणा. उमेश टाकी धूत होता. मी म्हटलं, मी आणतो, मोखाड्यात मला सगळे ओळखतात.

मोखाड्याच्या बाजारात मी तीन दुकानं पालथी घातली. पहिला म्हणाला कसला कागद. दुसऱ्याला मी नीट समजावून सांगितलं, तर तो इतका हसला की गिऱ्हाईकं जमली. तिसऱ्याकडे मिळाले. लग्नाच्या जेवणात ताटाजवळ ठेवतात ते नॅपकिन, गुलाबी, कोपऱ्यात गुलाबाचं फूल. जाड एवढे की ओले केले तरी फाटत नव्हते. मी दुकानातच ओले करून बघितले होते. म्हटलं, परदेशी पाहुणे, त्यांना हलका माल कशाला द्यायचा? सहा पुडे घेतले आणि जीपमध्ये मांडीवर ठेवून आणले.

दुसऱ्या दिवशी दोन्ही कमोड भरून वर आले.

उमेशनं बाहेरचं चेंबर उघडलं. मी बॅटरी धरली. पाईपाच्या तोंडाशी गुलाबी गोळा बसला होता, नागलीच्या तिन्ही गोळ्यांपेक्षा मोठा, आणि गुलाबाची फुलं जशीच्या तशी. उमेशनं माझ्याकडे बघितलं आणि काहीच बोलला नाही. हिंदीतसुद्धा नाही. तेवढ्यात रविना मॅडम छत्री घेऊन आल्या आणि काय झालं म्हणून विचारलं.

"माझ्या कामात चूक झाली मॅडम," उमेश म्हणाला.

मला वाटलं जमिनीत जावं, पण जमिनीत ते चेंबर होतं. माझा भाऊ माझ्यासाठी ठाण्याला जायला निघाला होता. पोशेऱ्यात कुणी मला चुकलेलं बघितलेलं नाही, आणि मी ते दाखवतही नाही. पण त्या दिवशी म्हणालो, "मॅडम, उतार बरोबर हाय त्याचा. ही फुलं माझी हायेत."

मॅडमना हसू आलं, त्यांनी छत्री पुढं घेतली. पण हसून झाल्यावर त्या म्हणाल्या ते खरंच होतं. पाहुणे आज गुलाबी वापरतील, उद्या पांढरा. कागद तर जाणारच, आणि दोन खड्ड्यांच्या संडासाचा पाईप रोजचा कागद घेत नाही. शनिवारपर्यंत काय ते बघ, म्हणाल्या, नाहीतर मला नाशिकला फोन करावा लागेल.

उमेश म्हणाला, मग मी त्यांना पाणी शिकवतो. मॅडमचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, हे मी त्यांना सांगू शकत नाही, माझी नोकरी आहे. उमेश म्हणाला, तुम्ही फक्त इंग्रजी करा, बोलतो मी.

शुक्रवारी आवणी होती. गुडघाभर चिखल, सहाही पाहुणे वाकून रोपं लावत होते, वाकडीतिकडी. दुपारी बांधावर आले तेव्हा कोपरापर्यंत चिखलानं माखलेले. आईनं नागलीच्या भाकरी आणि मिरचीचा ठेचा आणला होता. भाकरी फुली नसलेल्या डब्यातल्या पिठाच्या. पाहुणे भाकरीकडे बघून खूश झाले. उमेश भाकरीची टोपली घेऊन त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, थांबा.

माझे उरलेले नॅपकिन त्यानं काढले. प्रत्येकाला दिले, आणि खुणेनं सांगितलं की उजवा हात ह्यानं पुसा. त्यांनी पुसला, लय मन लावून पुसला. मग त्यानं टमरेल उचललं आणि एकेकाच्या डाव्या हातावर पाणी ओतत गेला, त्यांना चोळायला लावलं. सगळ्यांचं झाल्यावर टोपली पुढं केली.

"अब बोलो," उमेश म्हणाला, "कौनसे हाथ से खाएगा?"

मॅडमनं छत्रीच्या आडून इंग्रजी केलं. पाहुण्यांनी आपले दोन्ही हात बघितले. उजव्या हाताच्या रेघारेघांत चिखल, नखांत चिखल, आणि वर गुलाबी कापूस चिकटलेला. आमच्यात डाव्या हातानं जेवत नाहीत, पण त्या दिवशी पाच जणांनी डावा हात पुढं केला. सहावा तो ताडमाड पोरगा. त्यानं उजवा हात पाठीमागं लपवला आणि विचार करत उभा राहिला. उमेशला काय सांगायचं आहे ते त्याला आता कळलं होतं. कान लाल झाले होते.

त्यांच्यात एक म्हातारी बाई होती, हानेका म्हणून, तिकडे शाळेत शिकवायची. ती एवढी हसली की बांधावरून सरकून परत चिखलात बसली. आईनं तिला उठवली. मग ती डोळे पुसत मॅडमशी काहीतरी बोलली, आणि मॅडम गंभीर झाल्या.

बाई म्हणत होती, पाणी मान्य. पण मी चार दिवस तुमची माणसं बघतेय. संडासातून बाहेर येतात आणि हात चड्डीला पुसतात. आम्ही कागदवाले असलो तरी साबण लावल्याशिवाय कशाला हात लावत नाही. तुझ्या संडासात नळ आहे, पिचकारी आहे, शर्ट अडकवायला खिळासुद्धा आहे. साबण कुठं ठेवायचा?

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. म्हणणार होतो की आमच्यात राख असते, माती असते, नदीची वाळू असते. पण घरातल्या संडासात कुठली वाळू? उमेश टमरेल धरून उभाच होता. सहा वर्षांत त्यानं शेकड्यानं संडास बसवले होते, पण साबण ठेवायच्या वेळेला तो तिथं कधी नव्हताच. माणसं राहायला यायच्या आधीच त्याला खाली उतरवायचे.

"बाई बरोबर बोलते," तो म्हणाला. "मी इसरलो."

मला ते आवडलं नाही, पण मला तो आवडला.

जेवण टाकून तो गेला, आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही संडासांत नळाच्या वर भिंतीत कोनाडा कोरला, आत फरशीचा तुकडा बसवला, पाणी निथळायला भोक ठेवलं. मग त्यानं जेटची शिकवणी घेतली. कपडे घालून कमोडवर बसला, दार उघडं, समोर सहा पाहुणे ओळीनं, आणि जेट हातात कसा धरायचा, किती दाबायचा, हळू हळू, हे सगळं दाखवलं. नळ बंद होता. मॅडम भिंतीकडे तोंड करून इंग्रजी करत होत्या. शेवटी नळ सुरू केला आणि ताडमाड पोरगा म्हणाला की मी करून बघतो. त्यानं लय जोरात दाबला. छत ओलं झालं, मॅडम ओल्या झाल्या, आणि मी दोन खोल्या पलीकडे होतो तरी मी पण थोडा ओला झालो असं मला वाटतं.

शनिवारी चेंबर उघडलं. रिकामं, वाहतं. तक्रारीच्या वहीत हानेका बाईनं अर्धं पान लिहिलं होतं. मॅडमनं वाचून दाखवलं की मी घरी गेले की असाच जेट बसवून घेणार, आणि हा मिस्त्री यायला तयार असेल तर त्याला हॉलंडला बोलावून घेईन.

मी तर मनात पिशवी भरायला घेतली होती. दोघांचीही.

उमेश म्हणाला, "बाईंना सांगा, मी ठाण्यालासुद्धा जात नाय."

हॉस्टेलचे अकरा संडास त्यानं दिवाळीच्या आत संपवले. अकरा कोनाडे, मुलींच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर. उंची कमी-जास्त होऊ नये म्हणून तो योगिताला रोज कामावर न्यायचा. तिला भिंतीला उभी करायचा, तिच्यापेक्षा एक वीत वर खूण मारायचा.

पहिल्या संडासाच्या तपासणीला मी होतो, आई होती, मॅडम होत्या. फुलीवाल्या डब्यातले तीन गोळे योगितानंच टाकले. तिसरा तिला दोन हातांनी उचलावा लागला. उमेशनं तिचं बोट धरून फ्लश दाबला. ती वाकून बघत राहिली, पाणी फिरलं, आणि तिन्ही गोळे एकदम गेले.

"बाबा," ती म्हणाली, "पाव्हणा गेला."

उमेशनं तिला खांद्यावर घेतलं, कोनाड्यापाशी नेलं आणि साबण लावून तिचे दोन्ही हात धुतले.