धारवाल्या काकांचा सिनेमा

सिनेमा सुरू होऊन दहा मिनिटं झाली नाहीत तोच धारवाले काका खुर्चीतून अर्धे उठले. "अहो, दगड उलटा फिरतोय! ठिणग्या तोंडावर येतील ना त्याच्या!" लेकीने सदरा ओढून त्यांना खाली बसवलं. पडद्यावर त्यांचं सोंग घेतलेला नट मजेत पायडल मारत होता.

चौऱ्याहत्तराव्या वर्षी काका खरोखरच धारेची सायकल घेऊन नऊ दिवस रस्त्यावर होते. वाटेत सुऱ्या-कात्र्यांना धार लावायची, मिळेल ते खायचं, दिसेल त्या आडोशाला पाठ टेकायची. कशासाठी? तर ताईला भेटायला. ताई शिवणकाम करायची. वीस वर्षांपूर्वी काकांनी तिची कापड बेतायची मोठी कात्री, आईच्या हातची, घाईघाईत कोरडीच दगडावर धरली. मध्येमध्ये पाण्यात बुडवावी लागते, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पातं तापून निळं पडलं, पोलादाचं पाणी उतरलं. अशा पात्याला पुन्हा धार टिकत नाही.

"परक्याची असती तर जपून केली असतीस," ताई म्हणाली.

"कात्रीच तर आहे!" काका म्हणाले. झालं! तेव्हापासून बोलणं बंद.

आता खरी गोम ऐका. नवव्या दिवशी काका ताईच्या दारापर्यंत गेले, पण आत गेलेच नाहीत. खिडकीतून ताई दिसली. नवी कात्री कापडातून सरसर चालली होती. आपल्यावाचून हिचं काही म्हणजे काही अडलं नाही, असं वाटून त्यांचं अवसान गळालं. घंटीकडे गेलेला हात मागे आला. सायकल टेम्पोत टाकून ते घरी परतले, आणि "भेटली का आत्या?" असं लेकीने विचारताच ठोकून दिलं, "भेटली की! रडली बिचारी."

खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात. काकांच्या कपाळी अख्खा सिनेमा आला. आधी पेपरात बातमी छापली गेली, मग सिनेमावाल्या बाई आल्या. बाईंना सगळी उत्सुकता शेवटाची. "मग ताई काय म्हणाल्या?" काका दर खेपेला थोडी थोडी भर घालत गेले. बाईंनी ताईलाही फोन केला होता. ती एवढंच म्हणाली म्हणे, "तो सांगेल तसं करा."

याचा अर्थ काय लावायचा? राग, टोमणा की आणखी काही? काकांनी त्यावर सहा महिने डोकं खाजवलं. आणि आज बाईंनी ताईलाही बोलावलं होतं. ती मागच्या रांगेत बसली होती. मागे वळून बघायची काकांची छाती होत नव्हती. हिने चारचौघांत, लेकीदेखत खोटं पाडलं तर उरलीसुरली बहीणही गेली, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पडद्यावर दार उघडलं, भाऊ-बहीण गळ्यात पडले, लोकांनी रुमाल काढले. दिवे लागले. बाईंनी दोघांना पुढे बोलावलं. कुणीतरी विचारलंच, "ताई, खरंच असंच घडलं का हो?"

ताईने माइक हातात घेतला, आधी काकांकडे बघितलं, मग लोकांकडे.

"अगदी असंच," ती म्हणाली. टाळ्यांचा कडकडाट झाला.

पायऱ्या उतरताना तिने काकांचा दंड पकडला. "गाढवा, पाहिलं होतं मी तुला. तू आता घंटी वाजवशील, मग वाजवशील म्हणून कात्री खाली ठेवून तासभर दाराकडे बघत बसले होते."

"मग हाक का नाही मारलीस, ताई?" काका रडकुंडीला आले.

"मला वाटलं, आधी तू बोलावंस," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून हुंदके देऊन रडायला लागली.