झार्वा साम्राज्य, मुक्काम इंदापूर तालुका

सुमनने फोनवर विचारले, "विमल, तू अजून तेवढीच कडक आहेस ना?" मी हो म्हटले. "मग चार दिवस काढ आणि यात्रेला ये. माझं साम्राज्य मोडायला आलंय."

शाळेच्या परीक्षा संपल्या होत्या, पेपर तपासून झाले होते, आणि आपल्याला स्वतःचा चहा करता येतो हे आमच्या यजमानांनाही एकदा कळायला हवे होते. मी पिशवी भरली.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. चैत्रात बारामती-इंदापूर भागात जायचा बेत असलेल्यांसाठी लिहिते आहे, म्हणून आधी कामाचे सांगते. स्वारगेटहून पहाटेची लाल गाडी पकडा. उजवीकडची खिडकी धरा, डावीकडे ऊन येते. सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता आहे. मोरगावला गाडी थांबते, पण हॉटेलातल्या वड्यांच्या नादी लागू नका, ते कालचे असतात. बारामतीच्या स्टँडबाहेर उसाचा रस मिळतो. बर्फ न घालता मागा. तिथून इंदापूरची गाडी. सणसरच्या आसपास साखर कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत येतो आणि बराच वेळ बाहेर जात नाही. नाकाला पदर लावून उपयोग नाही, सवय करून घ्यावी.

शेजारी भाजीची रिकामी पाटी घेऊन एक बाई बसली होती. कोणाकडे चाललात, असे तिने विचारले. मी सुमनचे नाव सांगितले.

"निळ्या माणसांच्या बाई व्हय?" ती म्हणाली. "माझ्या घरातली सगळी नीळ नेली त्यांच्या पोरांनी. म्हाताऱ्याची धोतरं पिवळी पडली. म्हातारा म्हणतोय, मलाच घ्या नाटकात."

अंथुर्ण्याच्या अलीकडे फाट्यावर उतरले. गावाचे नाव लिहीत नाही. पुढे जे सांगणार आहे तो मानाचा मामला आहे आणि त्यातली माणसे अजून आहेत.

सुमन आणि मी पुण्यात वसतिगृहाच्या एका खोलीत चार वर्षे राहिलो. ती विज्ञान शिकवायला या गावात आली आणि इथलीच झाली. गावात यात्रेला दरवर्षी ऐतिहासिक नाटक व्हायचे, आणि दरवर्षी भांडण. राजा व्हायला सगळे तयार, शत्रू व्हायला कोणीच नाही. गावात दोन आळ्या. वरच्या आळीची घरे पूर्वी मेंढरे राखणारी, आता ऊस लावणारी. पालखीला पहिला खांदा त्यांचा. खालची आळी भाजीपाल्याची. देवाला पहिला नारळ त्यांचा. दोन्ही आळ्या एकमेकींच्या लग्नात जेवायच्या आणि फेटा कोणाला आधी बांधला ते डोळ्यांत तेल घालून बघायच्या. शेवटी पंचांनी सांगितले, यंदा नाटक नीट झाले तर ठीक, नाहीतर पुढल्या वर्षापासून पडद्यावरचा सिनेमा आणू. सिनेमात कोणी रुसत नाही.

सुमनच्या शाळेतली निम्मी मुले या नाटकामुळे चार वाक्ये नीट बोलायला शिकली होती. तिने विचार केला, ज्यात कोणाचेच पूर्वज नाहीत असे राज्य काढू. नाटकाच्या पेटीतल्या जुन्या तलवारी वापरता येतील, एवढीच अट.

असे झार्वा साम्राज्य जन्माला आले. त्यांच्या आकाशात दोन सूर्य. माणसे निळी. झार्वा माणूस स्वतःचे नाव स्वतः सांगत नाही; दुसऱ्याने सांगितले तरच ते खरे. जन्मतः नाव नसतेच, पहिल्या लढाईनंतर मिळते. दिलेला शब्द मोडला किंवा पाठीवर वार झेलला की नाव उतरवतात, म्हणजे भर दरबारात सगळे त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात आणि पुन्हा ते नाव कोणी उच्चारत नाही. त्यांचे पहिले युद्ध तीन पिढ्या चालले. कारण, एका तहाच्या बैठकीत पाणी आधी धाकट्या वकिलाला दिले गेले. दुसरे युद्ध ते हरले, कारण समोरचे लोक लपून लढत आणि लपलेल्यावर वार करणे झार्वांना कमीपणाचे वाटे. तिसरे युद्ध आपसातले. सम्राट हुकूम देतो, झोपलेले गाव जाळा. सेनापती खरान नकार देतो, कारण त्या गावाने त्याच्या फौजेला पाणी पाजलेले असते. तो बंड करतो, हरतो, सम्राटापुढे गुडघे टेकून त्याच्या पायांवर डोके ठेवतो, आणि हुकूम पाळण्याचा शब्द मोडला म्हणून त्याचे नाव उतरवले जाते. पडदा.

मी ऐकून घेतले आणि म्हटले, "सुमन, गावातल्या मानपानाला कंटाळून तू गावापेक्षा जास्त मानी लोक तयार केलेस."

"ते आता कळतंय," ती म्हणाली.

पाच वाजता शाळेच्या पडवीत तालीम. सम्राट होते खालच्या आळीचे दत्तूआबा, पन्नाशीचे, वांगी पिकवणारे, आवाज खणखणीत. खरान होते वरच्या आळीचे सोपानतात्या, उंच, कमी बोलणारे. दोघेही उत्तम. अडचण एवढीच होती की शेवटचा प्रवेश कधी केलाच नव्हता. "ते नाटकाच्या दिवशी करू," म्हणून सगळे तिथे उठायचे. मी खुर्ची ओढली आणि म्हटले, आज शेवटापासून सुरुवात.

सोपानतात्या तलवार घेऊन आले, सिंहासनापाशी थांबले, आणि तलवार माझ्यासमोरच्या टेबलावर ठेवली.

"हे जमणार न्हाय, बाई."

"नाटक आहे, तात्या. खरान वाकतो, तुम्ही नाही."

"मी खरान हाय का सोपान, ते गावाला काय करायचं? गाव बघणार, सोपान दत्तूच्या पाया पडला. दुसऱ्या दिशी मला पालखी उचलायचीय."

दत्तूआबा सिंहासनावरून म्हणाले, "मला तरी कुठं हौस हाय? ह्याचं डोकं माझ्या पायाला लागलं तर वरच्या आळीचं एक माणूस माझी वांगी घ्यायचं न्हाय."

"आत्ता घेत्यात ती पण बायका माझ्या नकळत घेत्यात," तात्या म्हणाले.

भूमिका बदला म्हटले तर आबा उठून चपला शोधू लागले. मी तीस वर्षे वर्ग सांभाळले आहेत. त्या पडवीत माझे काही चालले नाही. सुमन मात्र एका गोष्टीवर अडून बसली. तो प्रवेश काढला तर नाटकात उरते काय? शेवटी मीच तोड काढली. खरानने उभ्यानेच तलवार खाली ठेवायची, मान किंचित झुकवायची, की पडदा. दोघांनी मान्य केले. सुमन तलवारी पेटीत भरायला लागली. मला मात्र आपण प्रश्न सोडवला असे वाटले आणि मी ठेच्याबरोबर दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी पळसदेव. सोपानतात्यांनी आदल्या आठवड्यात सुमनला सांगून ठेवले होते की पाहुण्या बाईंना जीपमधून नेतो, आणि पडवीतल्या प्रकारानंतरही ते सकाळी सातला दारात हजर होते. आतला रस्ता खडबडीत, कमरेला उशी घ्या. पुढे सोलापूरचा महामार्ग लागला की सुटका. उजनीचे पाणी चैत्रात उतरते आणि बुडालेले जुने देऊळ वर येते. आम्ही गेलो तेव्हा शिखर आणि निम्मा गाभारा मोकळा होता. होडीवाला आधी भाडे सांगत नाही, तुम्हीच ठरवून चढा. दगडांवर वाळलेल्या शेवाळाचा पांढरा थर आणि खांबांवर पाण्याच्या रेघा, एकाखाली एक. पाणकावळे शिखरावर पंख पसरून बसले होते. मी देवळाला हात लावला. ऊन असूनही दगड आतून गार होता. तिथे बसून काहीही करावेसे वाटले नाही, आणि मला हे सहसा होत नाही.

काठावर एका झोपडीत चिलापी तळून मिळाली, ज्वारीची भाकरी आणि कांदा. मासा समोर साफ करून घ्या. जेवताना तात्यांनी सुमनला विचारले, "बाई, त्यो खरान वाकतोच कशापायी? पळून जायला मागं डोंगर हाय की."

"लढाईच्या आधी शब्द देतो ना तो. हरलो तर तुझ्या पायाशी येईन म्हणून."

"कुणाला देतो?"

"सम्राटालाच. तिसऱ्या अंकात, बंडाच्या आधी. तुमचंच वाक्य आहे, तात्या."

तात्यांनी मासा संपवला. काटे नीट एका बाजूला लावले. "पाठ केलं हुतं. ध्यानात न्हाय आलं," एवढेच म्हणाले.

नाटक यात्रेच्या आदल्या संध्याकाळी, उजेड असताना, शाळेच्या मैदानावर. रात्र तमाशाची असते, तिला कोणी हात लावत नाही. बसायला सतरंजी घरून आणावी लागते. डाव्या हाताला वरची आळी, उजव्या हाताला खालची, मध्ये लहान मुले. पंच पुढे खुर्च्यांवर. बेगड लावलेली शिरस्त्राणे, निळीने माखलेले चेहरे, आणि घामाने ती नीळ गळ्यावर उतरलेली. मी पडद्याच्या कडेला संहिता घेऊन उभी होते.

सुरुवातीला लोक हसले. "आरं, ह्यो तर आपला पोस्टमन," असे चालू होते. पाणी आधी कोणाला दिले यावरून युद्ध पेटले तेव्हा हसणे थांबले. मागून एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, "बरूबर हाय. मी असतो तर मी बी उठलो असतो." दुसऱ्या अंकानंतर कोणी पोस्टमनचे नाव घेतले नाही.

शेवटचा प्रवेश. सुमन माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. खरान आला. तलवार खाली ठेवली, ठरल्याप्रमाणे. मी पडदेवाल्याला खूण करायला हात वर केला. सोपानतात्या जागचे हलले नाहीत. मग संहितेत होते ते वाक्य, जे आम्ही गाळले होते, त्यांनी म्हटले. "शब्द दिला होता. आलो आहे." आणि गुडघे टेकले.

डावीकडच्या गर्दीतून एक आवाज उठला, शब्द नव्हे, नुसता श्वास. दरबारातल्या सैनिकांनी शिकवल्याप्रमाणे पाठ फिरवली, त्यामुळे त्यांना पुढचे दिसलेच नाही. तात्यांचे डोके खाली येऊ लागले. दत्तूआबांनी पाय मागे घेतले, पण सिंहासन शाळेच्या भिंतीला टेकलेले होते, मागे जागा नव्हती. तेव्हा झार्वांचा सम्राट सिंहासनावरून घसरून खाली उतरला आणि स्वतःच गुडघ्यांवर आला. तात्यांचे डोके आबांच्या पायांवर टेकायच्या ऐवजी त्यांच्या खांद्यावर टेकले.

दोघे तसेच राहिले. आता प्रश्न असा होता की आधी उठायचे कोणी. जो आधी उठेल तो दुसऱ्याला खाली ठेवून उठेल. ते दोघांनाही समजले होते, आणि मैदानातल्या प्रत्येकाला. कोणी उठेना. गुडघ्याखाली नुसत्या फळ्या होत्या आणि दत्तूआबांचा उजवा गुडघा दुखरा होता.

"सोपाना, ऊठ की," आबा ओठ न हलवता पुटपुटले.

"तुमी उठा."

"नाव उतरवायचंय मला तुझं. संहितेत हाय."

"मग उतरवा."

आबांनी मान वर केली आणि मैदानाकडे बघत, त्या खणखणीत आवाजात म्हणाले, "याचं नाव खरान. हे मी सांगतो, म्हंजे ते खरं. ह्ये नाव कुणी उतरवायचं न्हाय."

सुमनने माझ्या हातातून संहिता घेतली, त्या पानाकडे पाहिले आणि मिटली. मी हात खाली केला. पडदा पडला.

टाळ्या दोन्ही बाजूंनी आल्या. पंचांपैकी एकाने उठून सांगितले की पुढल्या वर्षीही नाटकच. मी पडद्यामागे गेले तेव्हा दोघे एकमेकांच्या हाताला धरून एकदमच उठत होते, आणि तेही सहज होत नव्हते.

"माझ्या साम्राज्याचा कायदा मोडला त्यांनी," सुमन मला म्हणाली. "शोकांतिका होती ती." तिच्या चेहऱ्यावर शोक काही दिसत नव्हता. तिने पदराने आबांच्या गळ्यावरची नीळ पुसायला घेतली.

यात्रेच्या सकाळी पालखी निघाली. पहिला खांदा तात्यांनी दिला, पहिला नारळ आबांनी फोडला. काही बदलले नव्हते. फक्त पालखीमागून चालताना मी एक भांडण ऐकले आणि आधी मला नीट समजले नाही.

"आमचे तात्या आधी वाकले."

"तात्या निम्मे वाकले. टेकले आधी आमचे आबा."

"आबा घसरले. घसरनं आनि वाकनं एक न्हाय."

"घसरले न्हायत, उतरले. मी पुढंच बसलो हुतो."

चौथ्या दिवशी बारामतीमार्गे परतले. गाडीत चढण्यापूर्वी सुमनने वांग्यांची पिशवी हातात दिली. तिच्यात ऊसही खुपसलेला होता, दोन्ही आळ्यांचा वाटा असावा म्हणून. घरी आले तेव्हा यजमानांना चहा येत होता, साखरेचा डबा मात्र सापडला नव्हता.

त्या भागात मी पुढे पुष्कळदा गेले. रस्ते रुंद झाले, फाट्यावर हॉटेले आली, पळसदेवला आता गाड्यांची रांग असते. जायचे तर जा, आणि सकाळी लवकर जा. मानपान म्हणजे रिकामपणाचे उद्योग, असे मी तोवर वर्गात सांगत असे. त्यानंतर सांगितले नाही. ते उद्योग आहेतच, पण रिकामे नाहीत, एवढे मला पटले.

पुढच्या चैत्राआधी सुमनचा पुन्हा फोन आला. तेच नाटक करा, असा गावाचा आग्रह होता, पण पात्रे ठरत नव्हती.

"आता काय अडलं?" मी विचारले.

"खरान व्हायला दोन्ही आळ्यांतून अकरा जण आलेत, त्यात दत्तूआबाही आहेत," ती म्हणाली. "सम्राट व्हायला कोणी तयार नाही."